बोटीचं जुनं इंजिन ‘टीं टीं’ वाजतंय? वायर तोडू नका, आधी हे तपासा

गडचिरोली/चंद्रपूर : पावसाळा तोंडावर आला की वर्षभर झाकून ठेवलेल्या बोटी बाहेर निघतात. हवा भरली जाते, लाइफ जॅकेट मोजले जातात आणि ड्रममध्ये पाणी भरून इंजिन सुरू करून पाहिलं जातं. पाच मिनिटं चाललं, धूर निघाला, की ‘इंजिन ओके’ म्हणून शेरा पडतो. खरी परीक्षा होते ती पुरात. बोटीत आठ-दहा माणसं बसलेली, नदी भरून वाहतेय आणि मध्येच इंजिनातून ‘टींऽऽऽ’ असा आवाज सुरू होतो. चालवणारा गोंधळतो. कुणी म्हणतं बंद कर, कुणी म्हणतं तसंच ने. अशा वेळी काय करायचं हे आधीच माहीत असलेलं बरं.

आपल्या दोन्ही जिल्ह्यांत ही वेळ कधीही येऊ शकते. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस गोसेखुर्द धरणाचं पाणी सोडल्यावर वैनगंगेला महापूर आला. तेव्हा ब्रह्मपुरी तालुक्यातलं लाडज, जे गाव एरवीही नदीच्या वेढ्यात असतं, तिथल्या लोकांना बोटींनीच बाहेर काढावं लागलं. पर्लकोटा फुगली की भामरागडचा संपर्क तुटतो. सिरोंचा तालुक्यात प्राणहिता, गोदावरी आणि इंद्रावती अशा तीन नद्यांचं पाणी. जानेवारी २०२४ मध्ये चामोर्शी तालुक्यातल्या गणपूरजवळ मिरची तोडायला निघालेल्या महिलांची नाव वैनगंगेत उलटली आणि घरच्या घरं उघडी पडली. तेव्हा तर पूरही नव्हता. नदीच्या मधोमध काही बिघडलं की वेळ किती कमी असतो, हे या जिल्ह्यांना वेगळं सांगायला नको.

हा आवाज असतो कशाचा?

बोटीच्या मागच्या फळीला अडकवतात त्या इंजिनाला आपत्ती व्यवस्थापनाची मंडळी ‘ओबीएम’ म्हणतात. ते थंड ठेवण्यासाठी ट्रॅक्टरसारखा रेडिएटर नसतो. इंजिनाचा खालचा भाग पाण्यात बुडालेला असतो. तिथल्या जाळीतून नदीचंच पाणी आत ओढलं जातं, वर इंजिनाभोवती फिरतं आणि परत नदीत पडतं. हे पाणी ओढायला आत रबराच्या पात्यांचा एक छोटा पंखा असतो. त्याला इंपेलर म्हणतात. विहिरीवरचा मोटारपंप जसं काम करतो, तसंच हे समजा.

पाणी मिळालं नाही की इंजिन तापतं. डोक्यावर, म्हणजे सिलिंडर हेडवर, एक लहान तापमानाचा स्विच बसवलेला असतो. ठरलेल्यापेक्षा जास्त ताप झाला की तो स्विच जोडला जातो आणि बझर वाजतो. ज्या इंजिनांत ऑइलची टाकी वेगळी असते, त्यात ऑइल कमी झालं तरी हाच बझर वाजतो. फोर-स्ट्रोक इंजिनात ऑइलचं प्रेशर उतरलं तरी वाजतो.

म्हणजे बझर एक आणि त्याची कारणं दोन-तीन. घोळ इथंच होतो.

आवाजाची पद्धत ओळखा

कंपनीनुसार फरक आहे, पण जुन्या इंजिनांत साधारण असं दिसतं :

• चावी फिरवताच एकदा छोटा ‘टीं’ आणि मग शांत : अनेक इंजिनांत ही बझर चालू असल्याची खूण असते. काळजीचं कारण नाही.

• न थांबता सलग आवाज : बहुतेक वेळा इंजिन तापलंय.

• थांबून थांबून ‘टीं… टीं…’ : बहुतेक वेळा ऑइल कमी आहे.

• आवाज आणि सोबत इंजिनाचा वेग आपोआप उतरला : काही इंजिनं स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतात. पेट्रोलमध्ये कचरा आला असं समजून लगेच कार्बोरेटर खोलायला बसू नका.

तुमच्या इंजिनाचा नेमका अर्थ कंपनीच्या पुस्तकात दिलेला असतो. पुस्तक हरवलं असेल तर इंजिन फळीला अडकवायच्या कंसावर मॉडेल नंबरची पट्टी असते. तिचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. त्या नंबरवरून पुस्तकही मिळतं आणि सुटे भागही मागवता येतात.

भर पाण्यात वाजलं तर पहिली दोन मिनिटं

इथं घाई केली की घात होतो. माणसं आधी, इंजिन नंतर, हे डोक्यात पक्कं ठेवायचं.

१. एक्सिलरेटर लगेच कमी करा. धारेत असाल तर इंजिन एकदम बंद करू नका. बंद इंजिनाची बोट धार नेईल तिकडे जाते, पुलाच्या खांबावर किंवा झाडावर आडवी होते. कमी वेगात जवळच्या काठाकडे किंवा संथ पाण्याकडे वळा.

२. इंजिनाच्या मागून, कव्हरच्या खालून पाण्याची एक बारीक धार सतत पडत असते. ती पाहा. धार पडतेय की नाही, यावरच पुढचं सगळं ठरतं.

३. धार पडत असेल तर इंजिन हळू चालू ठेवून काठ गाठता येतो. धार बंद असेल तर इंजिन फार वेळ टिकणार नाही. बोट लंगर टाकून किंवा झाडाला दोर बांधून स्थिर होताच ते बंद करा.

४. बोट वल्ह्यांनी सांभाळता येईल अशा संथ पाण्यात असाल तर मात्र वाट पाहू नका, लगेच बंद करा. फोर-स्ट्रोक असेल आणि ऑइल प्रेशरचा इशारा असेल तर शक्य तितक्या लवकर बंद करणंच योग्य.

५. बसलेल्या माणसांना उठू देऊ नका. ‘काय झालं’ म्हणून दोघं जण मागे आले की मागची बाजू दबते आणि पाणी आत येतं.

६. अडकलात तर ११२ ला किंवा जिल्हा नियंत्रण कक्षाच्या १०७७ ला फोन करा. मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत बांधून जवळ ठेवा.

म्हणूनच इंजिन कितीही चांगलं असो, वल्ही, लांब दोर आणि लंगर बोटीत असलेच पाहिजेत. आणि एक गोष्ट : तापलेल्या इंजिनावर वरून थंड पाणी ओतू नका. तापल्या तव्यावर पाणी टाकल्यासारखं होतं. धातू वाकतो, तडकतो. कव्हर काढून त्याला आपोआप निवू द्या.

काठावर आल्यावर : आधी जाळी, मग छिद्र

इंजिन बंद करा, दोरी ओढून किंवा चावीने चुकून सुरू होणार नाही याची खात्री करा आणि मग ते वर उचला. खालच्या भागात, पंख्याच्या थोडं वर, दोन्ही बाजूंना पाणी ओढायची जाळी दिसेल. आपल्याकडच्या नद्यांत आणि तलावांत तिथं काय अडकतं? जलपर्णीची मुळं, धानाचा पेंढा, प्लास्टिकची पिशवी, खर्र्याची पन्नी. पुरात तर सगळं गावच वाहून येतं. हाताने काढा. बऱ्याच वेळा काम इथंच संपतं.

जाळी साफ असूनही धार नाही, तर ज्या छिद्रातून धार पडते ते पाहा. वर्षभर ठेवलेल्या इंजिनाच्या या छिद्रात माशी मातीचं घर करते. पातळ तार हलकेच घालून मोकळं करा. खूपदा इंजिनाला पाणी नीट मिळत असतं, पण छिद्र बुजल्याने धार दिसत नाही.

तिसरी गोष्ट उंचीची. इंजिन फळीवर जास्त उंच बसलं असेल, किंवा सगळी माणसं पुढच्या बाजूला बसली असतील, तर जाळी पाण्याबाहेर येते आणि पंप हवा ओढतो. उथळ पाण्यात रेती लागू नये म्हणून इंजिन अर्धं उचलून चालवतात, तेव्हाही हेच होतं. विहिरीत पाणी उतरून फूटव्हॉल्व्ह उघडा पडल्यावर मोटार हवा घेते, अगदी तसंच.

इंपेलर : लहानसा भाग, सगळी मदार त्यावर

जाळी साफ, छिद्र मोकळं, इंजिन पाण्यात नीट बुडालेलं, तरी धार बारीक किंवा बंद. मग नव्वद टक्के शंका इंपेलरवर घ्यायची.

इंपेलर रबराचा असतो. वैनगंगा, इंद्रावती, गोदावरी या रेतीच्या नद्या. पुराचं पाणी गाळ घेऊन येतं. रेती पात्यांना घासत राहते आणि पाती झिजतात. वापर नसला तरी तो खराब होतो. दहा महिने एकाच जागी दबून राहिलेली पाती वाकडीच राहतात, कडक होतात, तडकतात. आणि सर्वांत मोठा शत्रू म्हणजे कोरडं चालवणं. ‘सुरू होतं का बघू’ म्हणून पाण्याबाहेर इंजिन चालवलं की काही सेकंदांत रबर जळू लागतं. मोटारपंप कोरडा चालला की सील जळते, हे शेतकऱ्याला माहीतच आहे.

इंपेलर बदलायला खालचा गिअरचा भाग बोल्ट काढून खाली उतरवावा लागतो. काम अवघड नाही, पण गिअरचा दांडा सोडवावा लागतो आणि परत नेमका जुळवावा लागतो. ज्या मिस्त्रीने राजदूत, एम-८० खोलून बसवल्या, त्याच्या हाताला हे जमतं. त्याला तीन गोष्टी सांगा :

• जुन्या इंपेलरची पाती मोजा. एखादं पातं तुटलेलं असेल तर तो तुकडा वरच्या पाण्याच्या नळीत अडकलेला असतो. तो शोधून काढल्याशिवाय नवीन इंपेलर टाकून उपयोग नाही. इंजिन परत तापेल.

• नवीन बसवताना सगळी पाती एकाच दिशेला वाकली पाहिजेत. दांडा वरून पाहिल्यावर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवत बसवा. उलटा फिरवू नका.

• दांड्याला धरून ठेवणारी छोटी किल्ली आणि रबरी सील हरवू नका. डब्याच्या आतल्या भागाला चरे पडले असतील तर तोही बदला.

तालुक्याच्या ठिकाणी हा भाग तयार मिळेलच असं नाही. म्हणून मॉडेल नंबर देऊन एक इंपेलर आधीच मागवून ठेवा. दरवर्षी पावसाळ्याआधी तो बदलणं हा सर्वांत स्वस्त विमा आहे.

धार जोरात, तरी इंजिन तापतं

ही धार फक्त एवढंच सांगते की पंप पाणी वर पाठवतोय. पाणी इंजिनाच्या सगळ्या भागात फिरतंय, याची ती हमी देत नाही.

सिलिंडर हेडजवळ थर्मोस्टॅट असतो. इंजिन थंड असताना तो मिटलेला राहतो, गरम झाल्यावर उघडतो आणि पाणी फिरू देतो. गंज आणि गाळ बसून तो मिटलेलाच अडकला की धार जोरात असूनही इंजिन तापतं. तपासायची रीत घरगुती आहे. काढून भांड्यातल्या पाण्यात दोऱ्याने लटकवा आणि पाणी तापवा. जुन्या बऱ्याच टू-स्ट्रोक इंजिनांचा थर्मोस्टॅट साधारण ५० ते ६० अंश सेल्सिअसच्या आसपास उघडू लागतो. पाणी उकळायला आलं तरी तो उघडला नाही, तर बाद. तो काढून टाकून तसंच इंजिन चालवण्याची सवय मात्र लावू नका. नवीन बसवताना गास्केटही नवीन घ्या.

पेट्रोलमुळेही इंजिन तापतं. गेल्या वर्षीचं पेट्रोल टाकीत पडून राहिलं की चिकट होतं. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतला ओलावाही ओढतं. कार्बोरेटरची बारीक छिद्रं बुजतात, पेट्रोल कमी जातं आणि इंजिन जास्त तापतं. दर हंगामाला ताजं पेट्रोल भरा.

ऑइलचा इशारा

जुन्या टू-स्ट्रोक इंजिनांत दोन प्रकार. एकात ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं असतं. दुसऱ्यात ऑइलची टाकी वेगळी असते आणि पंप आपोआप ऑइल देतो. ऑइलचा इशारा या दुसऱ्या प्रकारातच मिळतो. पहिल्या प्रकारात ऑइल घालायला विसरलात तर कुठलाही बझर वाजणार नाही. इंजिन थेट जाम होईल.

वेगळ्या टाकीचं इंजिन असेल आणि इशारा आला, तर आधी टाकी पाहा. कमी असेल तर भरा. टाकी भरलेली असूनही वाजत असेल तर तिच्या तळाशी पाणी साचलंय का, जाळी गाळाने भरलीय का, आतला तरंगणारा गोळा अडकलाय का, हे पाहा. पंपच बिघडला असेल तर मिस्त्रीला दाखवल्याशिवाय ते इंजिन नदीत नेऊ नका. अगदीच जीवावरचा प्रसंग असेल तर पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून काम भागवता येतं. ५० ला १ या प्रमाणात, म्हणजे एक लिटर पेट्रोलला २० मिली. २० लिटरच्या कॅनला ४०० मिली. तुमच्या पुस्तकात वेगळं प्रमाण असेल तर तेच धरा.

ऑइल बोटीच्या इंजिनाचंच घ्या. डब्यावर ‘टीसी-डब्ल्यू ३’ असं लिहिलेलं असतं. मोटारसायकलचं टू-टी ऑइल हवेने थंड होणाऱ्या, जास्त गरम चालणाऱ्या इंजिनासाठी बनवलेलं असतं. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात ते काजळी धरतं.

इंजिन थंड, तरी बझर वाजतोच

असंही होतं. स्विच बिघडतो, वायर घासून उघडी पडते, उंदीर कुरतडतात. पण ‘खोटाच वाजतोय’ हे तपासून ठरवायचं, अंदाजाने नाही. साध्या जुन्या वायरिंगच्या इंजिनात ही रीत चालते :

इंजिन पूर्ण थंड असताना, ते सुरू न करता, फक्त चावी ऑन करा. बझर सलग वाजत असेल तर सिलिंडर हेडवरच्या तापमानाच्या स्विचची वायर सोडवा. आवाज थांबला तर स्विच खराब, तो बदला. आवाज चालूच राहिला तर ती वायर कुठेतरी इंजिनाच्या धातूला लागलीय, किंवा इशारा ऑइलच्या बाजूने येतोय.

बझर जिवंत आहे का, हेही याच वायरने कळतं. चावी ऑन ठेवून सोडवलेल्या वायरचं टोक इंजिनाच्या उघड्या धातूला क्षणभर लावा. बझर वाजला पाहिजे. वाजला नाही तर बझर किंवा त्याची वायर मेलेली आहे. तपासून झाल्यावर वायर परत जागेवर लावायला विसरू नका. नव्या, कॉम्प्युटर असलेल्या इंजिनांवर मात्र हा प्रयोग करू नका.

न वाजणारा बझर जास्त धोक्याचा

खरी भीती वाजणाऱ्या इंजिनाची कमीच. भीती आहे ती कुणीतरी त्रासून बझरची वायर तोडून ठेवलेल्या इंजिनाची. मागच्या वर्षी ‘उगाच वाजायचं’ म्हणून तोडलेली वायर यंदा चालवणाऱ्याला माहीतच नसते. इंजिन तापत जातं, कुणाला कळत नाही आणि मध्य धारेत पिस्टन धरतो. मग दोरी ओढून हात दुखतात, पण इंजिन हलत नाही.

दोरी ओढून सुरू होणाऱ्या अनेक लहान इंजिनांना बझर नसतोच. तिथं ती पाण्याची धार हाच इशारा. चालवणाऱ्याने दर दोन-चार मिनिटांनी मागे वळून धार पाहायची सवय लावून घ्यावी.

पावसाळ्याआधीची यादी

• ड्रममध्ये चालवताना पाणी जाळीच्या बरंच वर हवं. पंखा काढून ठेवा, गिअर न्यूट्रलमध्ये.

• पाच मिनिटांवर थांबू नका, पंधरा-वीस मिनिटं चालवा. ड्रममधलं पाणी तापलं तर बदलत राहा. थर्मोस्टॅटचा बिघाड इंजिन पूर्ण गरम झाल्यावरच कळतो.

• इंपेलर नवीन, जुना चांगला असेल तर जवळ राखीव.

• बझर वाजवून पाहिला, वायर जागेवर आहे.

• पेट्रोल ताजं, ऑइल योग्य.

• गाळाच्या पाण्यात काम झाल्यावर दरवेळी स्वच्छ पाण्याच्या ड्रममध्ये दहा मिनिटं चालवून आतली रेती धुवून काढा.

• इंपेलर कधी बदलला, शेवटी कधी चालवलं, काय बिघडलं, हे एका वहीत लिहा. माणसं बदलतात, वही राहते.

ग्रामपंचायत, मच्छीमार संस्था किंवा आपदा मित्र, ज्यांच्याकडे बोट असेल त्यांनी या यादीची एक प्रत इंजिनाच्या पेटीतच ठेवावी. धार कुठं ओढते, भोवरा कुठं पडतो, हे गावच्या ढिवर बांधवांइतकं कुणाला कळत नाही. म्हणून बोटीवर नदी जाणणारा एक आणि इंजिन जाणणारा एक, असे दोघं असावेत. आणि बझर वाजला तर दोघांनी मिळून आधी ती धार पाहावी.